बाजूला टर्मिनल असलेली बॅटरी: जोडणी करताना या चुका टाळा

दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, पण किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही. अशा वेळी बॅटरी संपली असे समजून ती बदलली जाते. ज्या बॅटरीची टर्मिनले वर नसून बाजूला असतात, आणि जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत १९७० च्या दशकापासून ती दिसतात, तिच्या बाबतीत खर्च करण्याआधी जोडणी तपासणे अधिक शहाणपणाचे आहे.

या रचनेत बोल्टचे मुख्य काम दाबून धरण्याचे आहे. बॅटरीच्या बाजूवरचा शिशाचा सपाट भाग आणि केबलच्या टोकाची शिशाची कडी जिथे एकमेकींना घट्ट टेकतात, तिथूनच बहुतेक प्रवाह जातो. या सांध्यात ५ मिलिओहम इतका जरी रोध आला, तरी दिव्यांच्या १० अँपिअरला फक्त ०.०५ व्होल्ट कमी पडतात आणि काहीही जाणवत नाही. मात्र सेल्फ मारताना २०० अँपिअर ओढले गेले, तर तिथेच पूर्ण १ व्होल्ट खर्च होतो आणि सांधा तापतो. म्हणून दिवे लागतात याचा अर्थ जोडणी चांगली आहे, असा कधीही काढू नये.

सर्वांत फसवी चूक बोल्टच्या लांबीची आहे. मूळ बोल्ट हरवला म्हणून त्याच आट्यांचा, म्हणजे ३/८ इंच जाडीचा आणि इंचाला १६ आटे असलेला दुसरा बोल्ट लावला जातो. तो थोडा जरी लांब असला तरी आतल्या भोकाच्या तळाला टेकतो, पान्याला पक्का घट्ट लागतो, आणि कडी मात्र त्याच्या डोक्याखाली सैलच राहते. बोल्ट आवळून झाल्यावर कडी हाताने हलवून पाहावी. ती किंचितही फिरत असेल, तर बोल्टवर आणखी जोर लावू नये, कारण तळाला टेकलेला बोल्ट पुढे रेटल्यास टर्मिनलभोवतीचे सील फुटून आम्ल पाझरू लागते. योग्य लांबीचा बोल्ट आणणे हाच खरा उपाय आहे.

याच्या उलट चूक म्हणजे कड्यांची चळत. स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर, जादा दिवे अशा वस्तूंच्या तारा त्याच बोल्टमध्ये अडकवत गेल्यास शिशात मोजकेच आटे बसतात आणि पहिल्याच जोरात ते सोलून निघतात. तांब्याची किंवा पोलादाची पातळ कडी दोन शिशाच्या पृष्ठभागांच्या मधे घालणे तर पूर्णपणे चुकीचे आहे. अशा तारांसाठी बाहेर वेगळा खुंट असलेला खास बोल्ट मिळतो. तो वापरावा, किंवा त्या तारा फ्यूज लावून दुसऱ्या सुरक्षित जागेवरून घ्याव्यात.

शिसे मऊ असल्याने लांब दांड्याचा पाना वापरू नये. घट्टपणा साधारण १० ते १५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतो, तरी गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. आटे गेले असतील तर मोठा बोल्ट घुसवून वेळ भागते, पण ती दुरुस्ती मला विश्वासार्ह वाटत नाही.

केबलच्या टोकावरचे रबरी आवरण बाहेरून स्वच्छ दिसते आणि त्याच्या आत पांढरट-हिरवा थर साचत राहतो. विशेषतः एकाच बोल्टवर दोन केबल असतील, तर त्या सोडवून दोन्ही कड्यांच्या मधली बाजूही पाहावी. साफसफाईसाठी आधी ऋण केबल काढावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी लावावी. हा क्रम मोडला आणि धन बोल्टवरचा पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. डोळ्यांवर चश्मा असावा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने थर धुवावा, पृष्ठभाग कोरडा करून तारेच्या ब्रशने हलकेच घासावा आणि शिसे चमकू लागले की थांबावे. ग्रीस किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात जोडणी आवळल्यानंतर बाहेरून द्यावा.

शेवटी मल्टिमीटरने खात्री करावी. आवरण मागे सारून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या उघड्या कडेवर आणि दुसरे केबलच्या कडीवर धरावे, आणि दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगावे. टोक बोल्टच्या डोक्यावर ठेवल्यास ते कडीलाच टेकलेले असल्याने दोष लपतो. आकडा ०.१ व्होल्टच्या आत असेल तर तो सांधा ठीक समजावा. दोन्ही सांधे ठीक असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर बॅटरी, केबलचे दुसरे टोक आणि इंजिनाची अर्थिंग, या क्रमाने पुढे तपासत जावे.