क्रिप्टो एक्स्चेंज वापरताय? या चुका टाळा

भाव १०० दिसतोय म्हणून आमच्या एका मित्राने हिंजवडीच्या बसमध्ये उभ्या-उभ्या २०० कॉइनची मार्केट ऑर्डर मारली आणि पडली सरासरी १०५.७५ ला. ॲपने लुटलं म्हणून दिवसभर बोंबलत होता. लुटलं वगैरे काही नाही हो. एक्स्चेंज म्हणजे आपलं मार्केट यार्ड, घेणारे-विकणारे आपापला भाव लावून बसलेत आणि ती यादी म्हणजे ऑर्डर बुक. त्या वेळी १०० ला ५०च कॉइन होते, पुढचे ५० १०३ ला, उरलेले १०० थेट ११० ला. मार्केट ऑर्डर मिळेल त्या भावात उचलत सुटते. छोट्या कॉइनमध्ये लिमिटच लावा, म्हणजे आपण ठरवलेल्या भावालाच घेणारी ऑर्डर. मग ऑर्डर पडून राहिली आणि बॅलन्स कमी दिसला तर घाबरू नका, पैसे त्या ऑर्डरमध्ये अडकलेत, कॅन्सल केली की परत.

दुसरी चूक नेटवर्कची, म्हणजे कॉइन पाठवताना चुकीची ब्लॉकचेन निवडायची, आणि ही खरी महागात पडते. यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) ट्रॉन नेटवर्कवर पण चालतं, इथेरियमवर पण. ट्रॉनचा ॲड्रेस टी ने सुरू होतो त्यामुळे चूक लगेच कळते, पण इथेरियम आणि बीएनबी चेन दोघांचे ॲड्रेस सारखेच दिसतात, शून्य-एक्स ने सुरू होणारे, तिथे ॲप गप्प बसतं. पैसे स्वतःच्या वॉलेटला गेले असतील तर त्यात नेटवर्क बदलून बघा, बहुतेक सापडतात. एक्स्चेंजला गेले असतील तर ट्रान्झॅक्शन आयडी देऊन त्यांच्या सपोर्टला तक्रार टाका आणि वाट बघा. एक्सआरपी कॉइन एक्स्चेंजला पाठवताना टॅग (पैसे कुणाच्या खात्यात टाकायचे ते सांगणारा नंबर) विसरलात तरी हेच. आणि हो, अशा वेळी टेलिग्रामवर जो 'सपोर्टवाला' आपणहून येतो आणि वॉलेटची चावी असलेले १२ शब्द मागतो ना, तो चोर. ब्लॉक करा. शब्द देऊन बसला असाल तर आधी उरलेलं नव्या वॉलेटला हलवा, मग सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन.

पीटूपीत (थेट दुसऱ्या माणसाला) विकताना पैसे टाकणाऱ्याचं नाव ॲपवरच्या खरेदीदाराशी जुळत नसेल तर कॉइन सोडू नका. ते पैसे दुसऱ्याच कुणाच्या फसवणुकीचे निघाले की बँक तुमचं खातं गोठवते, मग पोलिस स्टेशनच्या चकरा.

टॅक्सचं थोडक्यात: नफ्यावर ३० टक्के अधिक सेस, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापतात, तो २६एएस (कापलेल्या टॅक्सचा उतारा) मध्ये बघून रिटर्नमध्ये क्लेम करा, आमचा तो बसवाला मित्र अजून करत नाहीये.