वेगात ब्रेक मारला तरी गाडी सरळ राहावी म्हणून: ट्रॅकवर जाण्याआधीची तयारी

महिनाभर वेळ हाताशी ठेवा आणि कामाला मागच्या चाकांपासून लागा. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकचा बेत ठरला की आपल्याकडे कोल्हापुरात पहिला फोन जातो तो पुढच्या मोठ्या कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची, किंमत विचारायला. लाल रंगाचे, सहा पिस्टनवाले. दिसतात झकास, त्याबद्दल वाद नाही. पण १८० च्या वेगात पेडल दाबल्यावर जी गाडी बुड हलवते, तिचं दुखणं बहुतेक वेळा मागे असतं.

हिशेब करून बघा. गाडी १४०० किलोची, वजन पुढे-मागे निम्मं निम्मं, व्हीलबेस अडीच मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, कडक ब्रेक लागला की २८० किलो भार मागून पुढे जातो. मागच्या दोन चाकांवर ७०० चे ४२० उरतात. पुढची चाकं लॉक झाली तर स्टेअरिंग ऐकत नाही, पण गाडी सरळ तरी जाते. मागची पकड सुटली की उतारावरच्या उसाच्या ट्रॉलीची गत होते. ट्रॅक्टरने ब्रेक मारलेला, ट्रॉलीला ब्रेक नाही, मग मागचं पुढच्याला गाठायला निघतं.

म्हणून आधी मागचे टायर. बाजूवर कोरलेल्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा; ‘२३२१’ असेल तर तो २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. मागची जोडी एकाच कंपनीची, एकाच नक्षीची आणि एकाच वयाची हवी. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा. वेगाचं अक्षरही बघा: एच म्हणजे २१० पर्यंत, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. पुढच्या-मागच्या टायरच्या व्यासाचं कंपनीने ठरवलेलं प्रमाण बिघडवू नका, कारण एबीएस, म्हणजे ब्रेकमध्ये चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चारही चाकांचा वेग एकमेकांशी ताडून निर्णय घेतो. हवा स्वतःच्या गेजने मोजा, पंपावरच्या नको. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. जानेवारीत कोल्हापुरात पहाटे भरलेली हवा तिकडे दुपारी, गाडी एक फेरीही न मारता, वाढलेली दिसेल.

मग गाडी लिफ्टवर. पुढच्या लोअर आर्मचा मागचा बुश हा ब्रेकिंगचा सगळा भार खाणारा रबराचा तुकडा. तो फाटला की ब्रेक लागताच चाक मागे सरकतं, टो (वरून पाहता चाकाचं तोंड आत की बाहेर वळलंय, तो कोन) बदलतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पहारीने हलवून बघा. मागच्या टो-लिंकचे आणि ट्रेलिंग आर्मचे बुशही त्याच वेळी तपासा. पॉलियुरेथेनचे टाकायचे की कंपनीचे? वापर रोजचा असेल तर मी कंपनीचे नवे रबर सुचवेन. शेवटी गाडी आपल्याच खड्ड्यांतून न्यायची आहे.

बुश बदलल्याशिवाय अलाइनमेंट करू नका, पैसे वाया जातात. आणि अलाइनमेंट चारही चाकांची. ‘पुढचा टो सेट केला, सरळ चालते, घेऊन जा’ असं म्हणणाऱ्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडा. क्रम असा: आधी मागचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल), मग मागचा टो, मग पुढचं. मागे थोडा टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं आत, हवाच. कंपनीने दिलेल्या मर्यादेत राहून टो-इन जास्त असलेल्या टोकाकडे कल ठेवा आणि डावं-उजवं सारखं करा. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवा, टाकी निम्मी ठेवा. आता सहसा कुणी न करणारी तपासणी: गाडी मशिनवर असतानाच बुड इंचभर वर उचलून मागचा टो पुन्हा वाचा. ब्रेक मारल्यावर बुड असंच वर येतं. उचलल्यावर टो-इन जाऊन टो-आउट येत असेल, तर तुमची गाडी वेगात का वळवळते याचं उत्तर सापडलं. आखूड स्प्रिंग टाकून खाली बसवलेल्या गाड्यांत हे हमखास बघावं. चाकं बाहेर काढणारे स्पेसर असतील तर तेही काढून ठेवा. त्यांनी स्क्रब रेडियस (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो आणि टायरचा मध्य यांतलं जमिनीवरचं अंतर) बदलतो आणि एका बाजूचं चाक वाळूवर वा ओल्यावर गेलं की स्टेअरिंगला झटका बसतो.

डिस्कच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. डिस्क असते ग्रे कास्ट आयर्नची, आणि या धातूची जाण असलेली माणसं शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आणि उद्यमनगरच्या लेथवर आहेत. डायल गेज मागायला लांब जावं लागत नाही. हबवर बसलेल्या डिस्कचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डुगडुग, ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त आला तर डिस्कला दोष देण्याआधी हबचा गंज घासून पुन्हा मोजा. निम्म्या वेळा तिथेच मिटतं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. लेथवर घेतल्यावर जाडी त्याखाली जाणार असेल तर डिस्क नवीच घ्या, कारागीर कितीही ओळखीचा असो. कॅलिपरच्या स्लाइड पिन बाहेर काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. एक पिन अडकली की त्या चाकाला ब्रेक उशिरा लागतो, सुटतोही उशिरा.

पॅडचा नियम सोपा आहे: पुढच्यापेक्षा जास्त चावणारे पॅड मागे कधीच टाकू नका. चारही एकाच कंपाउंडचे घ्या. फक्त पुढे मोठा किट बसवला तर गाडी स्थिर वाटेल, पण मागचे ब्रेक आपला वाटा उचलणार नाहीत आणि थांबायचं अंतर उलट वाढू शकतं.

ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल शिरल्यावर १५५ धरावा. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. नुसतं डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, एबीएसच्या गाडीत ते घालू नका.

वेगात बुड उचलणाऱ्या वाऱ्याकडे दुर्लक्ष होतं. १९९९ च्या सुमारास पहिल्या ऑडी टीटीचे जर्मनीत वेगात अपघात झाले, तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं. तेव्हा पुढे नुसता स्प्लिटर (बंपरखालची वाऱ्याने पुढचं टोक दाबणारी पट्टी) लावून मागे काहीच न करणं म्हणजे दुखणं विकत घेणं. पोर्शे बॉक्स्टरसारख्या गाडीत वेगाबरोबर आपोआप वर येणारा स्पॉयलर असतो. तो खरंच वर येतो का, ते घरीच बटणाने तपासा.

शॉकअप आधी गळतीसाठी पुसून बघा. सेटिंगचे असतील तर मागचा रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा विरोध, दोन क्लिक वाढवून बुड किती शांत होतं ते ट्रॅकवर बघायचं. फार वाढवला तर उंचसखल जागी चाक जमीन सोडतं.

हे सगळं तपासायला हायवेवर जाऊ नका. गळीत हंगामात कागलकडे विना-दिव्याची ट्रॉली कुठून समोर येईल सांगता येत नाही, आणि १८० वरून १ जीने थांबायलाही सुमारे १२७ मीटर लागतात. १०० वरून ३९ पुरतात. नवे पॅड डिस्कवर घासून मुरवणंही ट्रॅकवरच करा. पहिल्या काही फेऱ्या मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मग एक फेरी नुसती थंड करायला.

पाय कसा ठेवायचा हेही यादीतच. स्टेअरिंग सरळ असताना पेडल पटकन पण दाबत न्यायचं, आपटायचं नाही. सोडताना मात्र हळू, कारण झटक्याने सोडलं की भार परत मागे उसळतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वेग उतरल्यावरच गिअर खाली घ्या आणि थ्रॉटलचा ठोका देऊन आरपीएम जुळवा. घाईने दोन गिअर खाली टाकले तर इंजिनच मागची चाकं धरतं.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक लावू नका, चाकामागे दगड ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क मोजा. एकाच अॅक्सलवर डावी-उजवीत मोठा फरक दिसला तर कॅलिपर उघडा, तसंच पुढचं सेशन करू नका. चाकांचे नट गार झाल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा बघा. आणि रोजचे पॅड डिकीत घेऊन जा. ट्रॅकचे पॅड गार असताना नीट चावत नाहीत, आणि कोल्हापूरपर्यंत नऊशेहून जास्त किलोमीटर परत यायचं असतं.