अंगावर पाजताना औषध घेण्यापूर्वी

खानापूर-निपाणीकडे बाळंतिणीला ताप आला की घरात उरलेली गोळी देण्याची घाई होते. तसे न करता, पाकिटावरचे नाव वाचता येत नसेल तर ते पाकीटच डॉक्टरांना दाखवावे आणि बाळ किती दिवसांचे आहे, हे आधी सांगावे. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सहसा चालते, कारण दुधात त्याचा अंश फार थोडा उतरतो. कोडीन असलेले खोकल्याचे औषध मात्र टाळावेच. काही मातांच्या शरीरात त्याचे मॉर्फिन, म्हणजे तीव्र गुंगी आणणारे द्रव्य, झपाट्याने बनते आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. सर्दीच्या गोळीतील स्यूडोएफेड्रिन या नाक मोकळे करणाऱ्या घटकाने दूध आटू शकते. बाळ सुस्तावले, दूध ओढेनासे झाले, तर तत्काळ दवाखाना गाठावा. पण शेजारणीच्या सांगण्यावरून दूध तोडू नये.