स्मार्ट स्विच बसवताना या चुका टाळा: आधी बोर्डातला न्यूट्रल शोधा

मोबाईलच्या ॲपवरून चालणारा स्मार्ट स्विच लावला की बल्ब लुकलुकतो, स्विचचं मॉड्यूल सारखं ऑफलाईन जातं, नाहीतर आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) पडते. मग स्विचला नावं ठेवून तो परत पाठवला जातो. दोष बहुतेक वेळा बोर्डाच्या आत असतो, आणि तो न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचा असतो.

बेळगावातल्या शहापूर-अनगोळची जुनी घरं घ्या, नाहीतर खानापूर-निपाणीकडची कौलारू घरं. बोर्डात फेज (करंट आणणारी वायर) येतो, न्यूट्रल मात्र वरच्या वर पंख्या-बल्बकडे जातो. साध्या बटणाचं काम फेज तोडणं-जोडणं एवढंच, त्याला न्यूट्रल लागत नाही. स्मार्ट स्विचमधली वाय-फायची चिप चोवीस तास चालू असते, म्हणून तिला न्यूट्रल हवा. ज्या बोर्डावर पाच पिनांचा सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतो. नुसत्या बटणांच्या बोर्डात असेलच असं नाही. ऑर्डर देण्याआधी मेन बंद करून बोर्ड उघडून बघा.

न्यूट्रल सापडला नाही की काही वायरमन अर्थिंगची हिरवी वायर न्यूट्रलच्या टर्मिनलला जोडून मोकळे होतात. हे कुणालाही करू देऊ नका. स्विच लगेच चालू होतो, म्हणून काम झालंसं वाटतं. एका मॉड्यूलचा करंट थोडा असतो, त्यामुळे 30 मिलीअँपियरची आरसीसीबी कदाचित पडणारही नाही. दोन-चार मॉड्यूल झाली की पडू लागते. आरसीसीबी नसलेल्या घरात तर काहीच कळत नाही. पुढे अर्थिंगची वायर खड्ड्यापाशी गंजून तुटली, की मॉड्यूलमधून आलेला करंट त्याच वायरीवरून फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येतो. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा तर वायर शाबूत असूनही अर्थिंग कमकुवत झालेलं असतं. घरात लहान पोरं ओल्या पायांनी फिरतात, हे लक्षात ठेवा.

न्यूट्रल ओळखताना रंगावर जाऊ नका. नियमाने काळी वायर न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग, पण जुन्या घरात हाताला लागली ती वायर ओढलेली असते. टेस्टर पेटला नाही म्हणजे न्यूट्रल, असंही नाही. बटण बंद असताना बल्बकडे जाणाऱ्या वायरीवरही तो पेटत नाही. मल्टीमीटर फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास दाखवतो, पण फेज आणि अर्थिंगमध्येही तेवढंच दाखवतो. म्हणून खात्रीचा मार्ग एकच: मेन बंद करायचा, वायर दोन्ही टोकांना सोडवायची आणि ती डीबीतल्या (घराच्या मुख्य वितरण पेटीतल्या) न्यूट्रल लिंककडेच, म्हणजे सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीकडेच जाते का, हे मल्टीमीटरची कंटिन्युइटी (वायर सलग आहे का ते दाखवणारी सोय) लावून बघायचं.

बोर्डात न्यूट्रल नसेल तर शेजारच्या सॉकेटच्या बोर्डातून पाईपमधून ओढून घ्या, पण तो त्याच सर्किटचा हवा. फेज इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रल दुसऱ्या लाईनचा, अशी गल्लत झाली की आरसीसीबी पडू शकते. भिंत फोडायची नसेल तर बिनन्यूट्रलचा स्विच मिळतो. त्यासोबत आलेला कपॅसिटर बल्बच्या दोन वायरींमध्ये लावा, बोर्डात नाही. तो न लावल्यामुळेच एलईडी बंद असूनही मंद जळतो. पंख्याला हा प्रकार नको, पंख्यासाठी वेगळं मॉड्यूल येतं. दिव्याचा डिमर पंख्याला लावलात तर पंखा घूं घूं करतो आणि मोटर तापते.

बेळगावातच वडगाव, खासबागेत खाली माग आणि वर राहणं अशी घरं आहेत. तिथे थ्री-फेज असेल तर एकाच बोर्डात दोन फेज आलेले असू शकतात. त्या दोघांत 400 व्होल्टच्या आसपास दाब असतो, मॉड्यूल क्षणात जळतं. अशा घरात परवानाधारक वायरमन बोलवा, स्वतः हात घालू नका.

लोडही मोजा. 2000 वॅटचा गिझर साधारण 9 अँपियर ओढतो. 10 अँपियरच्या मॉड्यूलवर तो कसाबसा चालेल, पण टर्मिनल तापून काळं पडेल. 16 अँपियरचंच घ्या. विहिरीच्या पंपाला सुरू होताना कितीतरी पट करंट लागतो आणि रिलेचे (मॉड्यूलच्या आतल्या छोट्या स्विचचे) पॉइंट चिकटतात. मग ॲपवर बंद दिसतो, पंप मात्र चालूच. मॉड्यूलने कॉन्टॅक्टर (मोठ्या लोडसाठीचा दणकट स्विच) चालवा, कॉन्टॅक्टरने पंप.

शेवटचं काम ॲपमधलं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट सारखी जाते-येते. ती परत आली की स्विच कोणत्या स्थितीत यावा, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. गिझर आणि पंपासाठी तिथे ‘बंद’ निवडा, आणि मेन एकदा पाडून-उचलून तो खरंच बंद राहतो का, ते बघून घ्या.