लायसन्स निवडायच्या आधी बघा, कुठला डेटा कोणाचा आहे

फॉर्म भरून भरून जीव कंटाळलेला असतो, आणि झेनोडोवर (रिसर्चचा डेटा टाकायची वेबसाइट) लायसन्सच्या रकान्यात सीसी बाय ४.० आधीच भरलेलं असतं, मग काय, लोक पब्लिश दाबून मोकळे होतात. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सची तयार लायसन्सं: सीसी बाय म्हणजे श्रेय द्या आणि वापरा, सीसी झीरो म्हणजे सगळे हक्क सोडले, एवढं पुरे. मला सांगायचंय ते वेगळंच आहे: लायसन्स फक्त स्वतःच्या मालावर देता येतं, आणि आपल्या फाइलमधलं सगळंच आपलं नसतं.

माझा डेटा मराठवाड्यातल्या विहिरींचा. टेप सोडून मोजलेली पाणीपातळी, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, सोबत जीपीएसचे आकडे, हे सगळं माझं. पण सोबत ओढे आणि पाझर तलावही लागतात ना, ते ओपनस्ट्रीटमॅपवरून (लोकांनी मिळून केलेला मोफत नकाशा) उतरवले, जिथे ओढा अर्धवट दाखवलेला तिथे फील्डवर बघून पुढे ओढला, आणि सगळं नकाशाच्या एकाच लेयरमध्ये, म्हणजे थरात, एकत्र केलं. गाइड म्हणाले, "सगळे सीसी बाय टाकतात, तूही टाक." (लायसन्सबद्दल गाइडचं ऐकू नका, खरंच. बहुतेकांनी स्वतः कधी डेटा टाकलेला नसतो.) रिव्ह्यूअरने एकच प्रश्न विचारला, ओढ्यांचा लेयर कुठून आणला? आणि गाडी तिथेच रुतली.

आता हे नीट वाचा. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा सप्टेंबर २०१२ पासून ओडीबीएल म्हणजे ओपन डेटाबेस लायसन्सखाली आहे. ओडीबीएल म्हणतं, घ्या, बदला, विका सुद्धा, पण बदललेला डेटाबेस लोकांना देणार असाल तर तोही ओडीबीएलखालीच द्यायचा. म्हणजे त्यांचे ओढे अधिक माझे ओढे असा जो एकत्र लेयर झाला तो सीसी बायखाली द्यायचा हक्क मला नाहीच, खाली ठळक अक्षरात श्रेय दिलं तरी नाही. खूप जणांना वाटतं श्रेय दिलं की झालं, नाही होत. ओपन म्हणजे घ्यायला मोकळं, पुढे आपल्या मर्जीच्या अटींवर वाटायला मोकळं असेलच असं नाही. त्या लेयरवरून नकाशाचं चित्र केलंत तर चित्राचं लायसन्स तुम्ही ठरवा, श्रेयाची ओळ टाका, पण मागचा सुधारलेला लेयर ओडीबीएलखाली उपलब्ध ठेवावाच लागतो. आणि एक सीसी बाय-एसए आणि दुसरा सीसी बाय-एनसी-एसए (एसए म्हणजे पुढेही त्याच लायसन्सखाली द्या, एनसी म्हणजे धंद्यासाठी वापरू नका) असे दोन डेटासेट मिसळले असतील तर विषयच संपला, तो एकत्र माल कुठल्याच लायसन्सखाली देता येत नाही.

घाबरू नका, सुटतं हे. मी फाइली वेगळ्या केल्या, विहिरींची सीएसव्ही सीसी बायखाली, ओढ्यांचा लेयर ओडीबीएलखाली, आणि रीडमीत प्रत्येक फाइलसमोर तिचं लायसन्स आणि ती कुठून आली ते लिहिलं. काम एका दुपारचं आहे, पण एकत्र करायच्या आधी केलं तर! नंतर कुठला ओढा कोणाचा हे शोधत बसायचं म्हणजे डोक्याला ताप.

एनसीबद्दल माझं मत तिखट आहे. "कंपनीवाले फुकट वापरतील" या भीतीने लोक एनसी लावतात, आणि मग तो डेटा मराठी विकिपीडियावर सुद्धा घेता येत नाही. शिवाय विहिरीत पाणी किती खोल आहे ही फॅक्ट आहे, तिच्यावर कॉपीराइट नसतो. युरोपात डेटाबेससाठी १९९६ च्या डायरेक्टिव्हने वेगळा हक्क दिलाय, आपल्याकडे तसा नाही, आणि ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जनशीलता दिसायला हवी. म्हणजे "मी उन्हात फिरून मोजलंय" यावर कॉपीराइट मिळत नाही, वाईट वाटतं पण तसंच आहे. म्हणून सीसी झीरोला एवढं भिऊ नका, झेनोडोसारखीच डेटाची साइट ड्रायड तर फक्त तेच घेते. सायटेशन मिळतं ते डीओआयमुळे (डेटाला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक) आणि रिसर्चमधल्या रीतीमुळे, कायद्याच्या धाकाने कोणी साइट करत नाही.

शेतकऱ्याचं नाव, फोन, गट नंबर हे मात्र कुठल्याच लायसन्सने झाकलं जात नाही. "कॉलेजच्या कामाला पाहिजे" असं सांगून मोजलं असेल तर ते जगजाहीर करायची परवानगी तुमच्याकडे नाही, विषय कट. ते कॉलम काढा आणि लोकेशन पुसट करा, १९.८७३४२ ऐवजी १९.८७ ठेवलं की साधारण किलोमीटरभराचा अंदाज उरतो, विहीर कोणाची ते कळत नाही.

आणि घाईत पब्लिश करू नका, कारण सीसी लायसन्स एकदा दिलं की ज्याने घेतलं त्याच्याकडून परत घेता येत नाही, पेजवर नंतर काहीही बदला.

आर किंवा पायथनच्या स्क्रिप्टला सीसी लावू नका, सीसीवाले स्वतःच नको म्हणतात, एमआयटीसारखं सॉफ्टवेअरचं लायसन्स लावा.

राहिला प्रश्न डेटा तुमचा, विद्यापीठाचा की पैसे देणाऱ्यांचा याचा, तर ग्रँटच्या पत्रातल्या अटी वाचा, सहलेखकांची आणि डिपार्टमेंटची हरकत नाही असं मेलवर घ्या, चहाच्या टपरीवरचं "हो हो टाक" चालत नाही. उत्तर यायला महिने लागतात, त्यामुळे पेपर ॲक्सेप्ट व्हायची वाट न बघता मेल आजच टाका.