आजारी विद्यार्थ्याला धीर देताना या चुका टाळा

वर्गातल्या एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं, त्या रात्री मी त्याला मेसेज टाकला : "तू फायटर आहेस, हरायचं नाही!" उत्तरादाखल एक अंगठा आला आणि मग महिनाभर काहीच नाही. पुढे तोच म्हणाला, "सर, त्या दिवशी उलट्यांनी मी नुसता पडून होतो. तुमचा मेसेज वाचून वाटलं, म्हणजे मी हरलो का?"

चुकांच्या यादीत हीच पहिली. लढाईची भाषा वापरली की औषध लागू न पडणं हा मुलाचाच कमकुवतपणा ठरतो. "पॉझिटिव्ह राहा" हेही त्यातलंच. रडू आलं तरी तो आपल्यासमोर हसत बसतो. त्यापेक्षा "हे फार अवघड आहे, मला वाईट वाटतंय" एवढं पुरतं.

"काही लागलं तर सांग" हे वाक्य आपल्याला सोयीचं, त्याला नाही. काय मागायचं, किती मागायचं, हा हिशेब त्याने करायचा! मी आता असं लिहितो : "गुरुवारी गणिताच्या नोट्सचे फोटो टाकतो. उत्तर द्यायची गरज नाही." शेवटचं वाक्य विसरू नका. निळ्या खुणा दिसूनही उत्तर नाही आलं, तर प्रश्नचिन्हं पाठवू नका. केमोथेरपीनंतरचा थकवा झोपूनही जात नाही, कित्येकांना नीट लक्ष लागत नाही, शब्द आठवत नाहीत.

"आमच्या मामांनाही हेच झालं होतं" ही गोष्ट तर काढूच नका. कर्करोगाचे प्रकार अनेक आणि प्रत्येकाचे उपचार वेगळे. शिवाय मामांचं पुढे काय झालं, हे तो विचारणारच.

अभ्यासाबाबत दोन टोकं दिसतात. एक, "वर्ष वाया जाणार का रे?" दुसरं, "अभ्यासाचं सोड, आधी बरा हो." पहिलं जखमेवर मीठ, दुसरं प्रेमाचं, पण पेशंट होण्याआधी तो जे होता तेच काढून घेणारं. त्यालाच विचारा : "धडे पाठवू की सध्या नको?"

भेटायला जाताना आधी घरच्यांना विचारा. केमोच्या डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत संसर्ग रोखणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. आपली साधी सर्दी त्याला महागात पडू शकते. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, केमोने केस जातात. त्यावर "छान दिसतोयस" असं खोटंही नको.

सगळ्यात अवघड वेळ म्हणजे तो एकदम विचारतो, "मी मरेन का?" आपल्या तोंडून पटकन निघतं, "वेडा आहेस का? असं बोलू नये." तिथेच दार बंद होतं. खोटं वचनही देऊ नका. "मला माहीत नाही. पण भीती वाटतेय ना? सांग, मी ऐकतोय," असं म्हणा आणि खरंच गप्प बसा. मग डॉक्टरांशी यावर बोलायचंय का, आई-बाबांच्या कानावर घालू का, हे त्यालाच विचारा. आपल्याला रडू आलं तर ते स्टाफरूममध्ये मोकळं करा. आपली समजूत घालायचं काम त्याच्यावर पडू नये.

चुकीचं बोलून गेलात? "परवा मी उगाच बोललो, सॉरी" इतकंच. "माझा हेतू तसा नव्हता" हे पुराण नको.

आणखी एक गंमत, खरं तर खंत : पहिल्या आठवड्यात मेसेजचा पाऊस पडतो, तिसऱ्या महिन्यात चिटपाखरू नसतं. मुलांमध्ये नेहमी आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. म्हणून फोनमध्ये दर गुरुवारचं रिमाइंडर लावा.

मी तेच केलं. दर गुरुवारी तासानंतरच्या फळ्याचा एक फोटो. अकराव्या फोटोला उत्तर आलं : "सर, तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह राहिलंय."