साइट पडली की लगेच हात घालू नका: स्वस्त होस्टिंगवरच्या या चुका टाळा

दर पंधरा दिवसाला एखादा फोन येतोच, "दादा, साइट उघडंना झालीया, बघा की जरा." बघायला गेलं की कळतं, मूळ बिघाड बारकाच होता पण फोन करायच्या आधी दोन तासात गड्यानं तीन प्लगिन (साइटला जोडलेले जादा सोयींचे भाग) काढलेत, थीम (साइटचं रूप) बदललीय, व्हिडिओ बघून कुठला तरी कोड चिकटवलाय, आणि आता मूळ एरर कुठला आणि ह्यानं घातलेला कुठला हे शोधण्यातच दिवस जातो. राजारामपुरीतलं कपड्याचं दुकान असू दे नाहीतर गूळ विकणारा, आपल्याकडं बहुतेकांच्या साइट शेअर्ड होस्टिंगवरच, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवणाऱ्या स्वस्त सेवेवर, चालतात आणि त्यात वाईट काही नाही, नीट वापरलं तर चांगल्या चालतात. खालचं सगळं वर्डप्रेस ह्या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरच्या साइटबद्दल आहे.

लॉग न वाचता दुरुस्ती सुरू करणं

ही सगळ्यात मोठी चूक. पान उघडायच्या जागी ५०० हा एरर कोड दिसला म्हणजे सर्व्हर एवढंच सांगतोय की आत काहीतरी बिघडलंय, काय बिघडलंय ते त्या पानावर नसतं, ते एरर लॉगमध्ये, म्हणजे बिघाडांची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये, असतं. सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं पान) मधला फाइल मॅनेजर उघडा, पब्लिक एचटीएमएल फोल्डरमध्ये एरर लॉग नावाची फाइल शोधा आणि सगळ्यात खालच्या ओळी वाचा. फक्त अ‍ॅडमिनचं पान पडलं असेल तर डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन फोल्डरमध्येही तशीच वेगळी फाइल असू शकते, तिथंही डोकवा. वेळ बघताना गोंधळू नका, लॉगमधली वेळ बऱ्याचदा यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. साइट रात्री ९ ला पडली असेल तर तुम्ही दुपारच्या साडेतीनची ओळ शोधायची.

'फेटल एरर' असं लिहिलेल्या ओळीत बहुतेक वेळा फाइलचा पूर्ण पत्ता असतो, त्यात प्लगिनच्या फोल्डरचं नाव दिसतं. तेवढ्याच फोल्डरचं नाव बदला, मागं 'बंद' असं काहीतरी जोडा, प्लगिन आपोआप बंद पडतं आणि त्याची सेटिंग डेटाबेसमध्ये तशीच राहते. डिलीट करू नका, काही प्लगिन जाताना स्वतःचा डेटापण पुसून जातात.

आणि एक, वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, असा एरर आला की अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची, म्हणजे बिघडलेला भाग बाजूला ठेवून अ‍ॅडमिनमध्ये शिरायची, लिंक येते. आपल्याकडं होतं काय, साइट ज्यानं बनवली त्याचाच ईमेल तिथं राहिलेला असतो आणि तो पोरगा कधीच पुण्याला नोकरीला गेलेला असतो. आजच बघून घ्या तिथं कुणाचा पत्ता आहे.

लॉगमध्ये नवीन काहीच नसेल तर संशय डॉट एचटीअ‍ॅक्सेस (.htaccess) फाइलवर, म्हणजे सर्व्हरला साइटचे नियम सांगणाऱ्या फाइलवर, घ्या. ती फाइल लपलेली असते, फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइल दाखवा असं करावं लागतं. तिचं नाव बदलून साइट उघडली तर गुन्हेगार सापडला, मग वर्डप्रेसमध्ये पर्मालिंकच्या (पानांच्या पत्त्यांच्या सेटिंगच्या) पानावर जाऊन नुसतं सेव्ह दाबा, बहुतेक वेळा नवी फाइल तयार होते. मेमरी वाढवायला म्हणून त्या फाइलमध्ये 'पीएचपी व्हॅल्यू' वाली (पीएचपी म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ओळ चिकटवायचा सल्ला लई जण देतात, पण बऱ्याच होस्टिंगवर ती ओळ चालतच नाही आणि तिच्यामुळंच ५०० येतो. मेमरी सीपॅनलच्या पीएचपी सेटिंगमधून वाढवा.

पीएचपी व्हर्जन एका फटक्यात बदलणं

पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला, त्यामुळं बदलायला तर हवंच. पण ८ मध्ये काही जुनी फंक्शन काढून टाकलीत, म्हणून पाच-सहा वर्षं अपडेट न केलेली थीम तिथं सरळ कोसळते. आधी बॅकअप, मग प्लगिन आणि थीम अपडेट, मग व्हर्जन, आणि पडलीच तर घाबरू नका, जुन्या व्हर्जनवर परत या, साइट उभी राहते, मग निवांत दुरुस्त करा. शनिवारी संध्याकाळी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी हे काम काढू नका.

५०८ आला की प्लॅन महाग घेणं

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि सगळीकडं कोल्हापुरी चपलेची चर्चा सुरू झाली. माझ्या ओळखीच्या एका चप्पल विकणाऱ्याच्या साइटवर तेव्हा एकदम गर्दी झाली आणि पान उघडायच्या जागी ५०८. इतकी वर्षं वाट बघितलेलं गिऱ्हाईक दारात आलं आणि दार बंद, मला आजही वाईट वाटतं त्याचं.

ह्यात साइट बिघडलेली नसते, तुमच्या वाट्याची जागा संपलेली असते. मिसळच्या हॉटेलात २० जागा आहेत असं समजा, प्रत्येकजण पाच मिनिटात उठला तर दिवसभरात शेकड्यानं लोक जेवतात, पण प्रत्येकजण अर्धा तास बसला तर बाहेर रांग लागणारच. स्वस्त प्लॅनमध्ये ह्या जागांना, म्हणजे एका वेळी किती पानं बनवायची कामं चालू शकतात त्या आकड्याला, एंट्री प्रोसेस म्हणतात आणि त्या पुष्कळदा २० च्याच आसपास असतात. म्हणून आधी प्रत्येक पान लवकर उठवा, कॅशिंग प्लगिन (एकदा बनवलेलं पान साठवून ठेवणारं) लावा, तयार पान द्यायला पीएचपी जवळजवळ लागतच नाही. वर्डप्रेसचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप करायची कामं) माणसं पान उघडतात तेव्हाच चालतो, तो बंद करून सीपॅनलमधून दर अर्ध्या तासाला लावा. एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या अ‍ॅपनं साइटशी बोलायचा जुना रस्ता) वापरत नसाल तर बंद करा, लॉगिनचे पासवर्ड शोधणारे बॉट तिथंच धडका मारत बसतात. सीपॅनलच्या रिसोर्स युसेजमध्ये कुठली मर्यादा किती वेळा लागली ते दिसतं, ते बघून मगच प्लॅनचा विचार करा. त्या चप्पलवाल्याचं काम कॅशिंग आणि क्रॉनमध्येच भागलं.

बाकी बारक्या चुका पटकन सांगतो. परमिशनला (फाइल कुणी वाचायची-बदलायची ते ठरवणारा आकडा) ७७७ देऊ नका, फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरतं, ७७७ दिलं तर काही सर्व्हर ती फाइल चालवायलाच नकार देतात आणि परत ५००. जुने बॅकअप होस्टिंगवरच साठवू नका, जागा भरली की सेशन (गिऱ्हाइकाच्या भेटीची तात्पुरती नोंद) लिहिता येत नाही, ऑर्डर अडकते, ईमेल परत जातात, आणि त्याच जागेत तुमचे ईमेलपण मोजले जातात. डेटाबेसला जोडता येत नाही असं आलं तर पासवर्ड कुणी बदललाय का ते आधी विचारा. अपडेट मधेच अडकून मेंटेनन्सचा मेसेज दिसत राहिला तर डॉट मेंटेनन्स नावाची फाइल काढून टाका.

सपोर्टला लिहिताना नुसतं 'साइट बंद आहे' लिहू नका, त्यावर ठरलेलं उत्तर येतं की आमच्याकडं चालू दिसतीय. कुठलं पान, किती वाजता, कुठला कोड, लॉगमधली ती ओळ जशीच्या तशी, आणि शेवटी एकच प्रश्न, त्या वेळेला माझ्या अकाउंटची कुठली मर्यादा लागली होती का.